दुकान वाढव, कोकिळा

गंगाखेडच्या बाजारात दुकान कधी बंद होत नसे. दिवेलागण झाली, फळ्या लागल्या, कुलूप पडलं, तरी दुकान बंद झालं असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. दुकान वाढवलं, असं म्हणायचं. नारळ फोडला तर वाढवला, बांगडी पिचली तर वाढवली, मंगळसूत्र तुटलं तर तेही वाढवलं. तुटलं, फुटलं, संपलं, बंद झालं हे शब्द कानावर पडले की लक्ष्मी उंबऱ्यावरूनच माघारी फिरते, अशी सगळ्यांची खात्री. निजामाच्या राज्यात बंद्या पुष्कळ होत्या, पण ही बंदी लोकांनी आपली आपणच घालून घेतलेली, म्हणून ती मनापासून पाळली जाई.

ह्या एका शब्दाच्या जिवावर दिनकररावाच्या बायकोनं, कोकिळानं, आपला छंद दहा-बारा वर्षं बिनघोर चालवला. कसा, ते सांगतो.

कोकिळा मूळची सोनपेठकडची, थोड्या जमिनीच्या शेतकऱ्याची लेक. ज्वारीच्या धाटांच्या बैलगाड्या तिकडं सगळ्याच पोरी करतात. साल सोलायची, आतलं पांढरं हलकं भेंड कापायचं, सालीच्या काड्या टोचून चाकं जोडायची, झाली गाडी. बाकीच्या पोरी गाडी झाली की खेळायला पळायच्या. ही मात्र जोखडावर बैलाच्या मानेनं घासून पडते ती खाच कोरत बसायची.

"खेळ की बाई आता," आई म्हणायची.

"अजून ह्या गाडीला कुणी बैल जुपल्यासारखं दिसंना," ही म्हणायची.

लग्न होऊन ती गंगाखेडला आली, ती बऱ्यापैकी जमीनजुमला असलेल्या घरात. नवरा दिनकरराव शेतीत हुशार आणि घरात मुका. बोलायचं काम त्याच्या आईकडे, धुरपताबाईंकडे. नवरा गेल्यावर ह्या बाईनं शेती, गडी, बैल आणि भाऊबंद सगळे एकटीनं हाकले होते. तिच्या घरात सुनांनी बाजाराची गल्ली ओलांडायची नाही असा दंडक होता. काय लागेल ते गडीमाणूस आणून देई. नदीवर जायचं तर मागच्या बोळातून.

म्हणजे कोकिळानं बाजार पाहिला तो एकदाच, आपल्या वरातीत, तोही मान खाली घालून. तिला दिसले ते नुसते उंबरे. पण ते तिनं असे पाहून घेतले की जन्मभर विसरली नाही. राधाकिशन किराणावाल्याचा उंबरा मधोमध खोलगट झालेला. शिंप्याच्या उंबऱ्यावर चिंध्यांचे धागे खिळ्यांत अडकलेले. सोनाराचा उंबरा मात्र एका कोपऱ्यालाच झिजलेला, कारण सोनाराकडं माणूस नेहमी अंग चोरून शिरतं.

पुढं घराच्या माळवदावर पापड वाळत घालायला जाताना तिला त्याच दुकानांच्या पाठी दिसू लागल्या. मागची दारं, धुराड्यांची काजळी, पावसानं ओघळ आलेल्या भिंती. उंबरे ठाऊक, पाठी ठाऊक. मधलं सगळं हुसेनबी मन्यारणीनं भरून काढलं. हुसेनबी घरोघर बांगड्या भरायला जाई. एका हातानं बांगडी चढवताना दुसऱ्याच्या घरची हकीकत उतरवायची तिची हातोटी होती. कोकिळा तिला खोदून खोदून विचारायची. राधाकिशनची तागडी कुठं टांगली आहे? गूळ कुठं? गिऱ्हाईक उभं राहतं ते कुठं टेकून?

"बहू, तुमकू दुकान टाकनेका हाय क्या?" हुसेनबीनं एकदा वैतागून विचारलं.

"हौ," कोकिळा म्हणाली.

आणि तिनं टाकलं. भाद्रपदात घरोघर महालक्ष्म्या बसतात. मुखवटे, नवी लुगडी, पुरणावरणाचा घाट, आणि पुढं आरास. ह्या तीन दिवसांत गावातल्या बायकांची रीघ लागायची. त्या आराशीत, बाहुल्या आणि लाकडी हत्तीघोड्यांच्या शेजारी, कोकिळानं राधाकिशनचं दुकान मांडलं. वीतभर उंचीचं. धाटाच्या सालीच्या फळ्या, भेंडाच्या गुळाच्या ढेपा, चिंध्यांची पोती, घासलेटच्या डब्याच्या पत्र्याची तागडी. बायका वाकून वाकून बघू लागल्या. "कुणी केलंय हे?" असं जी ती विचारू लागली आणि कोकिळाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. वर्षभर ती ह्या घरात कुणाची तरी बायको आणि कुणाची तरी सून होती. ह्या प्रश्नाचं उत्तर मात्र नुसतं 'कोकिळा' एवढंच होतं. त्या दिवशी तिनं ठरवून टाकलं की दर वर्षी महालक्ष्म्यांपुढं आपलं दुकान उभं राहिलंच पाहिजे, मग काही का होईना.

फक्त हुसेनबीनं नाक मुरडलं. "दुकान अच्छा हाय, पन आजच खुल्या सरीखा दिस्ता. इसमें अब्बी तक कोई आयाच नै."

हे कोकिळाला झोंबलं, कारण खरं होतं. नवं करायला काय, कुणालाही येतं. जुनं करायला डोळा लागतो. दुसऱ्या वर्षी ती त्याच्या मागं हात धुऊन लागली. बोटाच्या टोकाला करडीचं तेल घेऊन तिनं दुकानाच्या फळीची कड चोळली, पण सगळी नाही, जिथं गिऱ्हाईक कोपर टेकतं तेवढीच. उंबरा मधोमध घासून खोलगट केला. कंदिलाच्या वरच्या आढ्याला चुलीची काजळी धरली. तागडी मिठाच्या ओल्या मातीत पुरून गंजवली. गुळाखालच्या डागाला काताचं पाणी दिलं आणि काजळीत घोळलेल्या खसखशीची मुंग्यांची ओळ त्या डागाकडं निघालेली दाखवली. बिब्ब्याचं तेल लावायच्या नादात बोटं उतून आली, पण दाराच्या फळ्यांना जो काळसर तपकिरी रंग चढला तो पाहून ती सुजल्या बोटांनीच हसली.

महालक्ष्म्यांच्या संध्याकाळी, ऐन हळदीकुंकवात, धुरपताबाईंची नजर त्या दुकानावर गेली. लक्ष्मीपुढं सगळं कोरं, झगझगीत ठेवायचं, ही पिढ्यांची रीत. आणि इथं हे तेलकट, काजळी धरलेलं, मुंग्या लागलेलं प्रकरण! म्हातारीच्या कपाळाची शीर उडाली. तोंडाशी शब्दही आले, पण एकही धड निघेना. दळिद्री म्हणावं तर लक्ष्मी समोर उभी. अवदसा म्हणावं तर ती लक्ष्मीची थोरली बहीण, तिचं नाव घेतलं तर ती आधी येऊन बसायची. 'फेकून दे' नाही, 'बंद कर' तर मुळीच नाही. एकेक शब्द गिळत गिळत तिनं शेवटी उरला तो बाहेर काढला.

"कोकिळा, वाढव! दुकान वाढव आधी!"

"बरं, आत्याबाई," म्हणून कोकिळानं दुकानावर मुकाट्यानं फडकं टाकलं.

पुढच्या भाद्रपदात फडकं निघालं तर खाली दोन दुकानं. राधाकिशनच्या शेजारी शिंपी आला होता, उंबऱ्यावरच्या धाग्यांसकट.

"काय गं हे?" धुरपताबाई ओरडल्या.

"तुमीच म्हणलात न्हवं का, दुकान वाढव? एकाचे दोन केले."

पुरण वाटणाऱ्या बायकांतल्या एकीनं पदर तोंडाला लावला, आणि मग सगळं माजघर हसायला लागलं. धुरपताबाईंना राग तर असा आला की विचारू नका. पण करणार काय? सून शब्दाच्या आतच वागली होती, आणि त्या शब्दाबाहेरचा दुसरा शब्द महालक्ष्म्यांपुढं काढायची म्हातारीची छाती नव्हती. "दिनकर, तू तरी बोल की," त्या लेकाला म्हणाल्या. दिनकररावानं भजं तोंडात घातलं आणि ते लय वेळ चावलं.

मग दर वर्षी तोच खेळ. दर वर्षी म्हातारी कावून "वाढव आता!" म्हणायची आणि दर वर्षी गल्लीत एक दुकान वाढायचं. तांब्यापितळेचं आलं, तंबाखूवाला आला, अत्तराच्या कुप्यांचा अत्तार आला, सोनार आला तो त्याच्या कोपऱ्याला झिजलेल्या उंबऱ्यासकट. पुढंपुढं गावात चर्चा असायची की यंदा कोकिळाबाई कुणाला घेतात. दुकानदार वरवर हसायचे आणि आपल्या बायकांना मुद्दाम बघायला धाडायचे.

राधाकिशनची बायको एकदा आरास बघून फुरंगटली. "आमच्या दुकानाला असला मेणचटपणा हाय का?" तिनं घरी जाऊन नवऱ्याला विचारलं, आणि राधाकिशननं दिवाळीला दुकान चुन्यानं पांढरंशुभ्र करून घेतलं. पुढल्या वर्षी कोकिळानंही आपल्या दुकानाला चुना दिला आणि मग त्या चुन्यावर गिऱ्हाइकांच्या बोटांचे तेलकट ठसे उमटवले. खऱ्या दुकानात ते तोवर उमटलेच होते. तेव्हा राधाकिशन स्वतः दर्शनाला आला, उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "वैनी, सगळं बराबर हाय. फकस्त माझी गादी तुमी डाव्या अंगाला टाकलीय. मी उजवीकडं बसतो."

कोकिळानं जीभ चावली. माळवदावरून, मागच्या दारातून तिला गादी डाव्या हाताला दिसायची, म्हणून तिनं ती पुढूनही डावीकडंच घातली होती. एवढ्या वर्षांत एकाही बाईच्या लक्षात आलं नव्हतं, कारण दुकान समोरून बघायला त्यातली किती जणींना मुभा होती! "बदलते," ती म्हणाली. पण तिनं गादी बदलली नाही. का कोण जाणे, तिला वाटलं, समोरून एकदा बघीन तेव्हाच बदलीन.

असं सगळं झकास चाललेलं असताना अठ्ठेचाळीस साल उजाडलं आणि गावाचा रंग उडाला. रझाकारांच्या धाकानं पुष्कळ घरं वऱ्हाडात निघून गेली. श्रावणात एका दुपारी राधाकिशनच्या दुकानाच्या फळ्या फोडल्या गेल्या, गुळाच्या ढेपा रस्त्यावर आल्या. फोडणारे कोण हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. राधाकिशननं बायकापोरं अकोल्याकडं पाठवली होती, तो एकटा पाठीमागच्या खोलीत पडून असे. बाजारात दिवसाढवळ्या कुत्रं फिरेना.

महालक्ष्म्या दोन दिवसांवर आल्या तेव्हा दिनकरराव जेवता जेवता म्हणाला, "यंदा आरास नको. बोलावणं नको. दारं लावून नुसती पूजा करू. बाजार बंद झालाय."

धुरपताबाईंच्या हातातलं उलथनं तव्यावर थांबलं. "काय म्हणलास?"

"बंद झालाय, आई. वाढवला न्हाई, बंद झालाय. आता शब्द बदलून काय व्हायलंय? चार बायका जमल्या, दिवे दिसले, तर उगं नजरंत यायचं. कोकिळाचा बाजार ठेव माळ्यावर बांधून. पुढचं पुढं बघू."

कोकिळा भाकरी थापत होती. तिच्या हातातली भाकरी काठाला चिरली. दिनकररावाचं म्हणणं खोटं नव्हतं, हे तिलाही कळत होतं. पण मनातून ती पुरती हादरली. बाहेरचा बाजार गेला, आता घरातलाही माळ्यावर जाणार, आणि एकदा माळ्यावर गेलेली वस्तू बाईच्या आयुष्यात पुन्हा खाली येत नाही, हे तिनं इतर घरांतून पाहिलेलं होतं. ती सासूकडं बघू लागली. ज्या शब्दावाचून म्हातारीचं इतकी वर्षं अडलं होतं तो शब्द आज लेकानं आयता आणून तिच्या हातावर ठेवला होता. नुसतं 'बरोबर हाय' म्हणायचा अवकाश, आणि तो काजळीचा, मुंग्यांचा, तेलाच्या डागांचा पसारा महालक्ष्म्यांपुढून कायमचा हलला असता.

धुरपताबाईंनी भाकरी उलटली. ती टम्म फुगू दिली.

"माझ्या घरात त्यो शब्द न्हाई," त्या म्हणाल्या. "बाहेर कुणी कायबी बंद करू दे. कोकिळा, दुकान वाढव."

दिनकररावानं सुटकेचा श्वास सोडला. "तेच म्हणतोय मी. काढून ठिवायचं न्हवं?"

"तुला मराठी समजंना का रं?" म्हातारी कडाडली. "ह्या घरात वाढव म्हणल्यावर काय व्हतंय, ते इतकी वर्सं बघायलास की!"

कोकिळानं पदरानं डोळे पुसले आणि चिरलेली भाकरी तशीच तव्यावर टाकली.

त्या वर्षी गल्ली पुरी झाली. राहिलेली दुकानं तिनं दोन दिवसांत उभी केली. कधी नव्हे ते धुरपताबाई शेजारी बसून धाटं सोलत होत्या आणि "हे भेंड लय मऊ निघालं," असल्या सूचनाही करत होत्या. बोलावणं धाडलं नाही, तरी बायका मागच्या बोळातून एकेक करून आल्या. पदराखाली दिवा घेऊन आल्या. कितीतरी जणींची दुकानं बाहेर फोडलेली, ओस पडलेली होती. इथं ती दिव्यांच्या उजेडात उघडी होती, फळीच्या कडा गिऱ्हाइकांच्या कोपरांनी चकाकत होत्या, मुंग्या गुळाकडं निघाल्या होत्या. हुसेनबी आली, तिला धुरपताबाईंनी हाताला धरून पुढं बसवलं. तिनं एकेक दुकान पाहिलं, अत्तारापाशी थांबली आणि म्हणाली, "सब हैं जी. एक बी कम नै."

महालक्ष्म्या उठल्या, आणि त्याच आठवड्यात हिंदुस्थानच्या फौजा आल्या. पाच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. सरकारं कशी येतात-जातात ते मोठ्या लोकांनी सांगावं. गंगाखेडच्या बायकांना कळलं ते इतकंच की नदीवर जाताना पुन्हा मोठ्यानं बोलता यायला लागलं.

थोड्या दिवसांनी एका सकाळी धुरपताबाई नवं लुगडं नेसून दारात उभ्या राहिल्या. "कोकिळा, चल. गूळ आणायचाय."

"गडी जाईल की, आत्याबाई."

"गड्याला काय कळतंय गुळातलं? चल म्हणते न्हवं. आन मान वर ठिवून चल, उंबरे तुजे पाठ हायत."

बाजाराच्या गल्लीतून सासू-सून निघाल्या. कोकिळानं आयुष्यात पहिल्यांदा तो बाजार समोरून पाहिला आणि तिच्या पायांना घाई सुटली. हा शिंपी. हा तंबाखूवाला. हा सोनार. सगळे ओळखीचे, फक्त मोठे. राधाकिशनच्या दुकानापुढं मात्र ती थबकली. फोडलेल्या फळ्यांच्या जागी पांढऱ्या, कोऱ्या, वास येणाऱ्या फळ्या बसवल्या होत्या. उंबराही नवा, सरळ सपाट. आत माल थोडा होता आणि राधाकिशन एकटाच बसला होता, उजव्या अंगाला. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. लोक अजून बिचकत होते.

"या काकू," तो ओशाळून म्हणाला. "काय बघताव. सगळं नवं करावं लागलं. माझंच दुकान मला वळखू येईना."

धुरपताबाईंनी त्या कोऱ्या फळ्यांवरून हात फिरवला. मग सुनेकडं वळून, अगदी कामाचं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कोकिळा, ह्याला जुनं करायला काय लावावं लागंल गं? बिब्बा का काजळी?"

कोकिळानं दुकान नीट न्याहाळलं. फळीची कड पाहिली, उंबरा पाहिला.

"कायबी न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली. "ह्याला नुसती माणसं लागतील."

"मग लागू दे की," म्हणत म्हातारी उंबऱ्यावर पाय देऊन चढली, सकाळी केसांना तेल चोपडताना तेलकट झालेलं कोपर तिनं त्या कोऱ्या फळीवर ऐसपैस टेकलं आणि ढेप फोडून दाखवायला सांगितली. शेजारी कोकिळानंही कोपर टेकलं. दोन बायका बिनधास्त गूळ चाखताहेत म्हटल्यावर समोरच्या बोळातून आणखी एक आली, तिच्या मागून दोघी. दुपार कलेपर्यंत राधाकिशनला मान वर करायला फुरसत मिळाली नाही.

निघताना तो हात जोडून म्हणाला, "काकू, सगळा माल उठला. आज जरा लवकरच दुकान वाढवावं म्हणतो."

"वाढव बाबा," धुरपताबाई पायरी उतरता उतरता म्हणाल्या. "पर आमच्या सुनंला इचारून वाढव. त्या शब्दाचा अर्थ तिच्याच हातात हाय."

घरी आल्यावर कोकिळानं लुगडंही बदललं नाही. आधी फळीवर उचलून ठेवलेलं आराशीतलं राधाकिशनचं दुकान खाली घेतलं आणि गादी उचलून उजव्या अंगाला ठेवली.